ओळखीच्या काठावर गळ टाकताना

माजलगाव तालुक्यातील एका वाचकाचे पत्र:

‘स. न. वि. वि. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ४२ वर्षे. दोन वर्षांपासून रविवारी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायला जातो. सोबत बारा वर्षांचा मुलगा असतो. दोघांनाही पोहता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जिथे बसत होतो तिथेच एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. पाणी बरेच आत सरकले होते, म्हणून वाळलेल्या तळावरून चालत पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. मासा लागला, तो ओढताना मी दोन पावले पुढे टाकली आणि कमरेपर्यंत गाळात रुतलो. पाणी छातीला लागले. मला काढायला मुलगा धावत आला आणि तोही रुतला. जवळच मोटार बसवत असलेल्या दोन शेतकऱ्यांनी पाइप पुढे करून आम्हाला ओढून काढले. त्या दिवसापासून पत्नीने गळ माळ्यावर टाकला आहे. मुलगा मात्र रोज विचारतो. हा छंद सोडावा का? सोडायचा नसेल तर कोणती काळजी घ्यावी? या वयात पोहणे शिकता येईल का?’

गुरुजी, नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘तोही रुतला’ या दोन शब्दांपाशी थांबलो. माझी सारी नोकरी गोदावरी खोऱ्यातील कालव्यांवर आणि बंधाऱ्यांवर गेली. त्या काळात पाण्यातून काढलेली जी माणसे मला पाहावी लागली, त्यांत एकटे बुडालेले होते तसे दुसऱ्याला काढायला गेलेलेही होते. एका बंधाऱ्याखालून भोई मंडळींनी दोन सख्ख्या भावांना बाहेर काढले, तेव्हा मोठ्याच्या मुठीत धाकट्याचा सदरा होता. आधी पडला होता तो धाकटा. तुमचा मुलगा आज घरात गळ मागत फिरतो आहे, तो त्या दोन शेतकऱ्यांच्या हाताशी त्या क्षणी पाइप होता म्हणून.

तरीही छंद सोडा असे मी म्हणणार नाही. वडिलांच्या शेजारी तीन-तीन तास पाण्याकडे बघत बसणारे मूल पुष्कळ काही शिकते, आणि बंदी घातली तर तेच मूल दोन वर्षांनी मित्रांबरोबर, तुम्हाला न सांगता, त्याच काठावर जाईल. मात्र त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट चढेपर्यंत आणि तुम्हा दोघांत एक बोली पक्की होईपर्यंत त्याला पाण्याकडे नेऊ नका. ती बोली कोणती ते पुढे सांगतो.

आधी तुमच्या अपघाताविषयी. तुम्ही गाळाला दोष दिला आहे आणि तो खोटा नाही, परंतु तुम्हाला गाळापर्यंत घेऊन गेला तो ओळखीच्या जागेवरचा विश्वास. दिवाळीत तुम्ही ज्या काठावर बसलात तो काठ एप्रिलमध्ये तिथे राहिलाच नव्हता. आपल्याकडची धरणे सपाट प्रदेशातली आहेत; नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो, पण त्या मानाने उथळ आहे, आणि माजलगावचा जलाशयही त्याच जातीचा. अशा जलाशयात पाणी थोडे उतरले तरी काठ कितीतरी पावले मागे सरतो, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, जनावरे चारतात, त्यामुळे ती जमीन पायाखालची वाटते. तुम्ही पाण्याच्या मागे मागे चालत गेलात, म्हणजे काही महिन्यांपूर्वी ज्या तळावर दोन पुरुष पाणी होते त्या तळावर गेलात. धरणाचा काठ हा दर महिन्याला नवा काठ असतो आणि तो दर वेळी नव्याने तपासावा लागतो, हे या उत्तरातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य आहे.

काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला शेतातून ठाऊक आहे: ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. तलावात मात्र वरचा वीतभर थर उन्हाने वाळून कडक होतो, त्यावर भेगाही पडतात, आणि खाली ओला, लोण्यासारखा गाळ तसाच राहतो. भेगा दिसल्या की माणूस समजतो, जमीन वाळली. म्हणून पाण्याकडे जाताना हातात छातीइतकी काठी असावी आणि प्रत्येक नव्या पावलाआधी ती जोर देऊन टोचून पाहावी. काठी वीतभर सहज गेली तर तिथूनच मागे फिरावे. म्हशींच्या खुरांचे ठसे खोल आणि पाण्याने भरलेले दिसले तर ती जागा सोडावी. बसण्यासाठी मुरमाड उतार किंवा खडक शोधावा, आणि पाण्याच्या कडेपासून निदान दोन पुरुष अंतर राखावे. गळाचा दोरा तेवढा लांब टाकता येतो. मासा लागल्यावर आपण पाण्याकडे जायचे नाही, त्यालाच आपल्याकडे आणायचे, आणि तो येत नसेल तर दोरा कापून टाकायचा. एखादा कटला किंवा मरळ गेली म्हणून हळहळ वाटते, हे मला मान्य आहे. त्या हळहळीतच तुमची दोन पावले पुढे पडली होती.

पुन्हा कधी रुतलात तर पाय उपसण्याची धडपड करू नका, कारण एक पाय उपसताना सारा भार दुसऱ्यावर येतो आणि तो आणखी खोल जातो. काठी आडवी टाकून तिच्यावर छाती टेकवावी, किंवा मागे पाणी नसेल तर पाठीवर रेलावे, अंगाचा भार शक्य तितका पसरावा आणि एकेक पाय हळूहळू हलवत, भोवतीचा गाळ सैल करत, वर आणावा. चप्पल किंवा बूट गाळात राहिला तर राहू द्यावा. गमबूट सापांपासून पायांचे रक्षण करतात हे खरे, परंतु गाळात ते पायाला धरून ठेवतात आणि पाण्याने भरले की त्यांच्यासह काठ चढणे फार जड जाते. त्यापेक्षा घोट्याला पट्टा असलेली सँडल किंवा कापडी बूट मला बरे वाटतात.

आता पाऊस पडून धरण भरेल तेव्हा धोका उलट बाजूने येईल. उन्हाळ्यात जे उघडे होते ते झाकले जाईल, आणि झाकलेल्यात काय काय आहे याची यादी आपल्या भागात मोठी आहे. धरणांत गावेच्या गावे गेली, एकट्या नाथसागराखाली शंभराहून अधिक गावे गेली, आणि त्या गावांच्या विहिरी आजही तळाला तशाच आहेत. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या माणसाला त्यांचे तोंड दिसत नाही. नद्यांच्या पात्रांत वाळू उपशाचे खड्डे आहेत. लहान तलावांतून २०१७ पासून गाळ काढून शेतात टाकण्याची मोहीम झाली, तिने शेतांचे भलेच केले, परंतु पोकलेनने खोदलेल्या खड्ड्यांच्या कडा भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि पहिल्या पावसाने ते भरले की वरून सारे पाणी एकसारखेच दिसते. म्हणून माझा आग्रह आहे की गळ टाकणाऱ्याने पाण्यात पाय घालूच नये, घोटाभरसुद्धा नाही. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरणे ही तर मी पाहिलेल्या अपघातांतली नेहमीची सुरुवात आहे. आणि उन्हाळ्यातला रिकामा तलाव एकदा मुलाला घेऊन कोरड्या काठाकाठाने जरूर पाहा. खड्डे कुठे, विहीर कुठे, मुरूम कुठे, हे वहीत नकाशा काढून टिपून ठेवा. तुमच्यासारख्या शिक्षकाला हे सांगायला नको, पण मुलाने स्वतः काढलेला नकाशा तो विसरणार नाही.

तुम्ही फुगवट्यावर बसता हे ठीक आहे. धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मात्र कधीही बसू नका, मग तिथे मासे कितीही असोत, आणि ते असतातच. सांडव्यावरून पडणारे पाणी खाली पोहोचल्यावर पुन्हा भिंतीकडे वळते आणि जागच्या जागी फिरत राहते. त्यात सापडलेला माणूस उत्तम पोहणारा असला तरी बाहेर फेकला जात नाही, पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. वरून पाहणाऱ्याला ते पाणी फेसाळ आणि उथळ दिसते. मी वर सांगितलेले दोघे भाऊ तसल्याच पाण्यात गेले.

दुसरे असे की आपल्या नदीला येणारे पाणी आपल्या आभाळावर अवलंबून नसते. नाशिक आणि अहिल्यानगरकडे पाऊस होतो, तिकडची धरणे सोडली जातात आणि ते पाणी नाथसागरात येते. नाथसागर भरला की पैठणखाली गोदापात्रात पाणी सुटते, तेव्हा गेवराई, माजलगाव किंवा गंगाखेडच्या शिवारात कडक ऊनही असू शकते. तुमच्या धरणातही पैठणच्या १३२ किलोमीटर लांबीच्या उजव्या कालव्याने नाथसागराचे पाणी येते. विसर्गाच्या आधी भोंगा वाजवतात आणि नदीकाठच्या गावांना सूचना देतात, पण वाऱ्याच्या उलट्या दिशेला, वळणापलीकडे बसलेल्या माणसाला भोंगा ऐकू येईलच असे नाही. नदीवर बसायचे असेल तर पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवावी आणि तिच्याकडे अधूनमधून लक्ष द्यावे. काडी पाण्यात गेली, पाणी गढूळ झाले किंवा पालापाचोळा, फांद्या वाहत येऊ लागल्या, की सामान गोळा करण्यात वेळ न घालवता उंचावर जावे. नदीच्या मधल्या खडकावर किंवा वाळूच्या बेटावर तर बसूच नये, कारण पाणी आधी मागच्या बाजूने भरते आणि परतीची वाट बंद झाल्यावरच ते लक्षात येते. कालव्याबद्दल एवढेच सांगतो की अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या बाजू शेवाळाने गुळगुळीत असतात आणि आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुरू असताना आत पडलेल्या माणसाला पकडायला काहीही नसते. तिथे गळ टाकू नका.

विजेचा धोका तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, म्हणून तो मुद्दाम सांगतो. ज्या मोटारीपाशी असलेल्या माणसांनी तुम्हाला वाचवले, तशा मोटारी साऱ्या फुगवट्याच्या काठाने आहेत. पाणी मागे सरते तशी मोटार पुढे सरकवावी लागते, केबलला केबल जोडली जाते, जोडावर चिकटपट्टी गुंडाळली जाते आणि ती केबल ओल्या मातीतून किंवा पाण्यातून जाते. शेतकऱ्याची अडचण मी जाणतो, त्याला नावे ठेवणार नाही. तुम्ही मात्र चालू मोटारीजवळ आणि पाण्यात गेलेल्या केबलजवळ बसू नका, स्टार्टरच्या पेटीला हात लावू नका, आणि पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर ताबडतोब मागे हटा. कुणी विजेच्या धक्क्याने पाण्यात पडला असेल तर आधी वीज बंद करावी, मगच त्याच्याकडे जावे. हल्ली मिळणाऱ्या कार्बनच्या गळकाठीतून वीज सहज वाहते. तारांखालून जाताना ती आडवी, खाली धरावी आणि तारा डोक्यावर असतील तिथून गळ फेकू नये.

आभाळातल्या विजेचेही तेच. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आपल्या भागात दुपारनंतर ढग भरून येतात आणि वीज पडून माणसे, गुरे दगावतात. मोकळ्या काठावर उंच काठी धरून बसलेला माणूस हा त्या परिसरातला सर्वांत उंच बिंदू असतो. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर, पक्क्या घरात किंवा बंद मोटारगाडीत जावे. झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे परत येऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप फोनवर घेऊन ठेवा, ते आसपासच्या विजेची सूचना देते.

आता ती बोली. मुलाला समोर बसवून, रागावण्याचा लवलेशही न ठेवता, सांगा: ‘मी पाण्यात पडलो तर तू पाण्यात यायचे नाहीस.’ त्याला हे कठीण वाटेल. वडील बुडताना दिसत असताना काठावर उभे राहा, असे बारा वर्षांच्या मुलाला नुसते सांगणे निष्ठुरपणाचे आहे, म्हणून त्याच्या हाताला काम दिले पाहिजे. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, फेकताना तो वाऱ्याने भरकटू नये म्हणून तळाला थोडे पाणी ठेवून झाकण घट्ट लावा आणि त्याच्या कडीला पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी बांधा. तुम्ही पडलात तर त्याने पालथे पडून, दोरीचे टोक धरून, कॅन तुमच्या पलीकडे फेकायचा आणि मोठ्याने ओरडायचे. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, नाहीतर तुमच्या वजनाने तोच आत ओढला जाईल. आधीच जवळ झाड किंवा दगड पाहून दोरीचे टोक त्याला बांधून ठेवले तर उत्तम. ओढणे जमले नाही तरी तुम्ही कॅन छातीशी धरून तरंगत राहाल आणि त्याला ११२ क्रमांकावर फोन करायला वेळ मिळेल. हा सराव शाळेच्या मैदानावर करा, दहा-दहा वेळा, तुम्ही एका खुणेवर उभे राहा आणि त्याला फेकू द्या. शाळेतल्या बाकीच्या मुलांनाही शिकवलेत तर मला फार आनंद होईल. दोरी नसेल तर कासरा, एकमेकींना गाठ मारलेल्या दोन साड्या, फांदी, पाइप, काहीही चालते. हात मात्र देऊ नये, कारण बुडणारा माणूस हात सोडत नाही.

त्याला हेही सांगा की बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वरखाली होत असते, श्वास घ्यायलाच अवधी नसतो, आणि हात हाक मारण्याऐवजी पाणी खाली दाबत असतात. बाहेरून तो शांत दिसतो. तुम्हीही गळावरची नजर काढून दर थोड्या वेळाने मुलाकडे पाहत जा.

लाइफ जॅकेट दोघांनीही घालावे, आणि काठावर बसतानाच घालावे. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. मुलाचे त्याच्या वजनाच्या मापाचे असावे आणि खांद्याला धरून वर उचलले तर हनुवटीवरून निसटू नये. ट्रॅक्टरची ट्यूब ही त्याची जागा घेऊ शकत नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर, ज्याला आपल्याकडे चप्पू म्हणतात, मच्छीमार आयुष्यभराच्या सवयीने तोल सांभाळतो. हौस म्हणून तुम्ही त्यावर पाय ठेवू नका.

पोहण्याबद्दल तुम्ही विचारलेत. बेचाळीसाव्या वर्षी पोहणे नक्की शिकता येते. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या काळात वाढलेल्या आपल्या मुलांनी विहिरीत पाणीच पाहिले नाही तर पोहायला कुठून शिकणार, त्यामुळे तुमच्या मुलाचाही यात काही दोष नाही. पायऱ्या असलेल्या विहिरीत, पाठीला पांगऱ्याचा बिंडा किंवा कॅन बांधून, चांगल्या पोहणाऱ्याच्या देखरेखीत किंवा जवळच्या शहरातल्या तलावात दोघेही शिका. हातपाय मारण्याआधी पाठीवर तरंगायला शिका, कारण अचानक कपड्यांसह पडल्यावर पहिली दोन मिनिटे तेच उपयोगी पडते. मात्र विहिरीत पोहता येते म्हणून नदीत पोहता येईल असे समजू नका, आणि पोहणे आले म्हणून जॅकेट काढू नका.

कुणाला बाहेर काढले आणि तो श्वास घेत नसेल, तर पोट दाबणे, उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे हे खेड्यापाड्यांत अजून चालणारे उपाय करू नका; त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत उतरते. बुडालेल्याला हवी असते ती हवा. त्याला पाठीवर झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी ३० वेळा दाब आणि २ श्वास, असे १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. मोठ्या माणसाची छाती प्रत्येक दाबाला ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. हे प्रत्यक्ष शिकून घ्यावे, नुसते वाचून हात बसत नाही. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसाला सूज काही तासांनीही येऊ शकते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. दारू घेतलेला सोबती नको. मिरगीचा त्रास असलेल्याने एकट्याने पाण्याकाठी बसू नये. गळाच्या टोकाला बूच लावून ठेवावे, आणि शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम धुऊन डॉक्टरांकडे धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. जलाशयातील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि नाथसागर हे तर पक्षी अभयारण्य आहे, म्हणून परवानगी विचारल्याशिवाय गळ टाकू नये. शिवाय परवानगी विचारायला गेलात की तिथले भोई बांधव कोणता काठ खचका आहे हे आपणहून सांगतील, आणि ते ज्ञान माझ्या या सर्व मजकुरापेक्षा अधिक खात्रीचे आहे.

राहिल्या वहिनी. त्यांनी गळ माळ्यावर टाकला यात मला काहीही चूक दिसत नाही. त्या दिवशी संध्याकाळी गाळाने माखलेले दोघे दारात उभे राहिलेले त्यांनी पाहिले आहेत. त्यांना समजावण्यापेक्षा एका रविवारी सोबत न्या, दोरी फेकण्याचा सराव त्यांच्यासमोर करा, त्यांनाही दोनदा फेकू द्या. त्यानंतर दर वेळी निघण्याआधी कोणत्या गावाच्या बाजूला बसणार, कोणत्या झाडापाशी, हे त्यांना कागदावर लिहून द्या आणि पोहोचल्यावर फोनवरून ठिकाण पाठवा. सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी काठ सोडायचा आणि गाडीपाशी आल्यावर त्यांना फोन करायचा. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत फोन आला नाही, तर त्यांनी आधी त्या बाजूच्या ओळखीच्या शेतकऱ्याला आणि लगेच ११२ ला कळवायचे. त्या दिवशी पाइप पुढे करणाऱ्या दोघांचे क्रमांक तुम्ही घेतले नसतील, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन या, आणि जाताना मुलाला सोबत घ्या.